मागचा डिफरन्शियल बसला. अख्खं हौसिंग बदलायचं का?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, कारण उत्तर त्यातल्या बारकाव्यांवरच आहे. दीड टनी पिकअप, मागच्या चाकांवर चालणारी, वापर सगळा भाड्याचा. सांवेरच्या बाजूच्या शेतांतून साठवणीचा कांदा आणि भाजी उचलायची, इंदूरच्या चोइथराम मंडीत टाकायची. मागच्या दोन चाकांच्या मधला, दोघांना फिरकी वाटून देणारा गिअरांचा गोळा म्हणजे डिफरन्शियल; त्यातल्या पिनियनच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट ज्या लहान गिअरला फिरवतो त्याच्या सीलमधून तेल बरेच महिने पाझरत होतं. उन्हाळ्यापासून पन्नास-साठच्या वेगाला मागून 'हूं' असा लांबट आवाज यायचा आणि रेस सोडली की कमी व्हायचा. मागच्या आठवड्यात काळ्या मातीत एक चाक रुतलं. दगड, गोणपाट घालून, अर्धा तास रेस देऊन गाडी कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीने रपटा (ओढ्यावरचा बुटका पूल) उतरून पलीकडे चढताना मागे 'खट्ट' झालं. आता गिअर पडतो, क्लच सुटतो, पण गाडी जागची हलत नाही. एक मिस्त्री म्हणाला, "भिया, होजिंग बैठ गई, पूरी बदल दो," म्हणजे डिफरन्शियल ज्यात बसतो ते कवच, हौसिंग, अख्खं बदला. दुसरा म्हणतो, नवा क्राऊन-पिनियन टाका, म्हणजे पिनियन आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर, अशी जोडी. गाडी अजून शेताजवळच आहे, आणि तुम्ही विचारताय की कोणाचं ऐकू, की सरळ विकूनच टाकू?

आज तरी दोघांचंही ऐकू नका. दोघांनीही गाडी न खोलता सांगितलंय. तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन दुखणी दिसतात. तो 'हूं' आवाज जुना आहे. तो तेल कमी पडल्यामुळे पिनियनच्या बेअरिंगवर आणि दात्यांवर आलेल्या झिजेचा असणार. 'खट्ट' हे नवं आहे आणि त्याचा संबंध त्या अर्ध्या तासाच्या चिखलाशी आहे. पहिला मिस्त्री दुसऱ्या दुखण्यावर पहिल्याचंही औषध देतोय, आणि दुसरा मिस्त्री पहिल्या दुखण्यावर उपाय सांगतोय, ज्याने कदाचित तुमची गाडी हलणारही नाही.

चिखलात काय झालं ते समजून घ्या. सरळ रस्त्यावर क्राऊनच्या आतले स्टार पिनियन, म्हणजे स्पायडर गिअर, स्वतःभोवती फिरतच नाहीत. क्राऊनला जोडलेल्या केजबरोबर (पिंजऱ्याबरोबर) नुसते गरगरतात. वळणावर बाहेरचं चाक थोडं पुढे आणि आतलं थोडं मागे पडतं, तेवढ्यापुरतेच ते हळू फिरतात. त्यांच्या पिनवर वेगळं बेअरिंग नसतं. पोलादावर पोलाद फिरतं आणि मध्ये उडून आलेलं तेल असतं, एवढंच. आता एक चाक गच्च रुतलेलं आणि दुसरं हवेत फिरणारं असलं, की फिरणारं चाक क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरतं. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर काटा 40 दाखवतो तेव्हा ते चाक 80 ने फिरत असतं. त्या पिनवर स्टार पिनियन आयुष्यात कधी फिरले नसतील अशा वेगाने फिरतात, तेही तेल आधीच कमी असताना. पिन तापते, कातडं सोलल्यासारखी खरवडली जाते, स्टार पिनियन तिच्यावर चिकटतो. दुसऱ्या दिवशी भरल्या गाडीचा ताण आला की पिन तुटते किंवा दाते उडतात. मालव्यात पाऊस लागला की गॅरेजमध्ये असल्या गाड्या येतातच. ओल्या काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतं, त्यामुळे एक चाक फिरत राहायला फार काही लागत नाही.

पण पिनच तुटली असेल असंही मी छातीठोक सांगत नाही. त्याच चढावर हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून एका चाकापर्यंतचा दांडा) तुटला असला तरी लक्षण हुबेहूब हेच. साध्या डिफरन्शियलमध्ये एका बाजूचा शाफ्ट तुटला की सगळी फिरकी तुटलेल्या बाजूला निघून जाते. दुसरं चाक धडधाकट असून गाडी हलत नाही. हाफ शाफ्ट हा या सगळ्यातला स्वस्त पार्ट आहे. तेवढ्यासाठी हौसिंग बदलून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि जुनं हौसिंग कुठे गेलं हे त्यांनी विचारलंही नाही.

तेव्हा शेतातच ही तपासणी करा. इंजिन बंद. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ओंडके लावा. मागची दोन्ही चाकं उचलून हौसिंगखाली पक्के स्टँड द्या. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी. नुसत्या जॅकवर काम करू नका. हँडब्रेक मोकळा करा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. आता एक चाक हाताने फिरवा आणि कोणाला तरी बाजूने प्रोपेलर शाफ्टवर लक्ष ठेवायला सांगा. दुसरं चाक उलट दिशेने फिरलं, तर स्पायडर आणि दोन्ही हाफ शाफ्ट शाबूत आहेत. दोन्ही चाकं एकाच दिशेने मोकळी फिरली आणि प्रोपेलर शाफ्ट जागचा हलला नाही, तर क्राऊन-पिनियनचे दाते गेलेत किंवा क्राऊनचे बोल्ट कापले गेलेत. चाकाबरोबर प्रोपेलर शाफ्टही मोकळा फिरला, तर डिफरन्शियलला दोष देऊ नका, भानगड गिअरबॉक्स किंवा क्लचमध्ये आहे. आणि फिरवलेलं चाक एकटंच फिरलं, दुसऱ्याला पत्ताच नाही, तर एकतर हाफ शाफ्ट तुटलाय नाहीतर स्पायडरची पिन. तुमच्या गाडीत मला हेच निघेल असं वाटतं. शाफ्ट की पिन हे शाफ्ट बाहेर ओढल्यावर दिसतं.

इथे आणखी एक बघा. मागच्या चाकाच्या मधोमध, व्हील नटांच्या आत, बोल्टांची आणखी एक गोल चकती बाहेर आलेली दिसते का? दिसत असेल तर तुमचा ॲक्सल फुल फ्लोटिंग आहे. म्हणजे गाडीचं वजन हौसिंगच्या नळीवर बसवलेल्या हबवर आहे, आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. ते बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढला तरी चाक जागेवर राहतं. तशी चकती नसेल तर सेमी फ्लोटिंग. तिथे चाक शाफ्टवरच टेकलेलं असतं आणि शाफ्ट तुटला असेल तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकतं. अशी गाडी दहा पावलंही ढकलू नका.

इंदूरला आणण्याची पद्धतही यावरच ठरते. फुल फ्लोटिंग असेल तर दोन्ही हाफ शाफ्ट काढून घ्या. हबच्या भोकांवर जाड प्लास्टिक किंवा पत्रा बांधा, नाहीतर ग्रीस बाहेर आणि धूळ आत. मग डिफरन्शियल आत निपचित पडून राहतो आणि चाकं मोकळी फिरतात. शाफ्ट न काढता ओढलीत तर तुटलेला तुकडा क्राऊन आणि हौसिंगच्या मध्ये अडकून उज्जैन रोडवर मागची चाकं अचानक जाम होऊ शकतात. शिवाय गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असला तरी प्रोपेलर शाफ्टकडून त्याचा मागचा भाग फिरत राहतो, आणि इंजिन बंद असताना कित्येक गिअरबॉक्सना आत पुरेसं तेल मिळत नाही. सेमी फ्लोटिंग असेल तर मागचा भाग उचलणारी क्रेन किंवा सरळ पाठीवर घेणारी गाडी बोलवा. दोरीने ओढायची कल्पना सोडून द्या. इंजिन बंद असलं की ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग दोन्ही नसतात.

गॅरेजमध्ये पोचल्यावर पहिलं काम तेल काढणं, आणि त्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. ड्रेन प्लगला बऱ्याचदा चुंबक असतं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज, त्याने घाबरू नका. बोटांत चोळल्यावर टोचणारे खवले, सुईसारखे काटे किंवा दात्याचा कोपरा निघाला, तर बातमी वेगळी. तेल पांढुरकं, दुधाळ चहासारखं निघालं तर आत पाणी गेलंय. तुम्ही रपट्यावरच्या पाण्यातून गाडी काढता, तेव्हा हे होणं सोपं आहे. चालून तापलेलं हौसिंग गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बुजलेला असला तर ती जुन्या सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते.

ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या वर बसवलेली ती बोटभर टोपी किंवा बारीक नळी. तिच्यावर काळी माती वाळून घट्ट बसलेली मला बहुतेक भाड्याच्या गाड्यांत दिसते. वाट बंद झाली की तापलेल्या हवेचा दाब तेलाला सीलमधून ढकलतो. मालक सील बदलतो, पुन्हा गळतं, पुन्हा बदलतो, शेवटी वैतागून गळू देतो. तुमच्या पिनियन सीलची कथा अशीच असावी. हाफ शाफ्टच्या बाजूने गळलं तर तेच तेल ब्रेकच्या लायनरवर जातं, ते आणखी वाईट. तेव्हा नवीन पार्टांच्या यादीत ब्रीदर सर्वात वर लिहा. जमल्यास नळी लावून तो चॅसीच्या उंचीवर घ्या.

आता तुटलेल्या पार्टांकडे. मिस्त्रीने ते कबाडात टाकायच्या आत हातात घ्या आणि फडक्याने पुसून उजेडात बघा. मला स्वतःला या कामातला हा भाग सर्वात आवडतो. शाफ्ट तुटला असेल तर तुटल्या जागी दोन रंग दिसतात का? काळपट, गुळगुळीत भाग म्हणजे तडा जुना, आधीपासून हळूहळू वाढत होता; दाणेदार, चमकदार भाग म्हणजे तेवढाच शेवटी त्या चढावर तुटला. जुना तडा मोठा असेल तर चिखलाने फक्त निमित्त केलं, आणि हौसिंग वाकलंय का हे तपासायलाच हवं. क्राऊनचे एखाद-दोन दाते मुळापासून उडालेत आणि बाकीचे सुंदर आहेत, तर तो झटका: क्लच एकदम सोडला, किंवा फिरणारं चाक अचानक कोरड्या जमिनीवर पकडलं गेलं. सगळ्याच दात्यांच्या पुढे ओढणाऱ्या बाजूवर ओरखडे आणि खड्डे आहेत, तर ती तेलाची उपासमार. पिनियनच्या डोक्यावर किंवा स्पायडरच्या पिनवर निळी-जांभळी झाक असेल, तर तो भाग सुमारे 300 अंशांपर्यंत तापला होता. अशा पोलादाचा वरचा कडकपणा गेलेला असतो. तो दिसायला धड असला तरी परत बसवू नये.

खोलण्याबद्दल दोन सूचना, मिस्त्री जुना असला तरी द्याव्याच अशा. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवरच्या टोप्या, ज्या बैठकीवर त्या बसतात तिच्याबरोबरच एकत्र बोअर केलेल्या असतात. डावी उजवीकडे गेली की बेअरिंग चिमटतं, म्हणून खोलण्याआधी पंचने ठिपके मारायचे, एका बाजूला एक, दुसरीकडे दोन. आणि पिनियनच्या डोक्यामागचा शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) फेकायचा नाही. नव्या सेटिंगची सुरुवात त्याच्याच जाडीपासून होते.

मग काय बदलायचं? नुसती पिन आणि स्टार पिनियन गेले असतील, केजची भोकं लांबट झाली नसतील, तर सन गिअर (हाफ शाफ्टच्या आतल्या टोकावरचे गिअर), स्टार पिनियन, पिन आणि मागच्या वॉशरांचा पूर्ण किट टाका. एकच गिअर बदलू नका. पण तुमचा जुना आवाज लक्षात घेता पिनियनची दोन्ही आणि बाजूची दोन्ही बेअरिंगं बदलायची आहेत, त्याला पर्याय नाही. आत दाते फुटले तेव्हा पोलादाचा चुरा त्याच तेलातून बेअरिंगांत गेलाय, धुऊन तो पूर्ण निघत नाही. क्राऊन-पिनियनचं दाते बघून ठरवा. घ्यायचा झाला तर जोडीनेच. दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. नुसता पिनियन नवा टाकून जुन्या क्राऊनवर चालवलेली गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर पडायच्या आत रडायला लागते.

दाते मोजून घ्यायला विसरू नका. एकाच मॉडेलच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळे रेशो आलेले असतात. क्राऊनचे 41 दाते आणि पिनियनचे 11 म्हणजे 3.73, 41 ला 10 म्हणजे 4.1, 43 ला 10 म्हणजे 4.3. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. 4.3 च्या जागी कोणी 3.73 ची असेंब्ली बसवली, तर चाकावरची ओढ तेरा टक्क्यांच्या आसपास कमी होईल. रिकाम्या गाडीला कळणार नाही, पण भरली गाडी सिमरोलच्या घाटात नेलीत की कळेल. न खोलता रेशो बघायचा तर दोन्ही चाकं एकदम, बरोबर एक-एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. चार फेरे आणि वर जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणजे 4.3.  

सेकंडहँड असेंब्ली वाईटच असते असं नाही. पुढून किंवा मागून ठोकलेल्या गाडीची, रेशो जुळणारी, शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनचे (उभ्या खाचांचे) दाते तेवढेच असलेली मिळाली तर घ्या. पण झाकण उघडून बघू देणाऱ्याकडूनच, आणि पक्क्या बिलावर. वरून ताजा काळा रंग मारलेली, आतून धुऊन चकचकीत केलेली असेंब्ली मी घेत नाही. मला तिच्यात जुनं तेल राहिलेलं हवं असतं, म्हणजे त्या तेलात काय आहे ते बघता येतं. आणि अख्खं हौसिंग ठेवून घेणार असाल तर तुमचं जुनं हौसिंग परत मागा किंवा त्याचे पैसे बिलातून कमी करून घ्या.

आता खर्च कुठे करायचा याबद्दल. पार्ट देवास नाक्यावरून आणा की कुठून, चांगल्या पार्टची वाट सेटिंगमध्ये लागते, म्हणून मिस्त्री निवडताना एकच विचारा: "डायल गेज (बारीक अंतर मोजायचं घड्याळ) आहे का, आणि दात्यांचा ठसा मला दाखवाल का?" 'हाताला अंदाज आहे' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. पिनियन किती आत बसावा हे शिमच्या दशांश मिलिमीटरवर ठरतं, आणि क्राऊन-पिनियनमधला प्ले (दात्यांमधली मोकळीक) या आकाराच्या गाड्यांत साधारण 0.15 ते 0.20 मिलिमीटर असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. हाताला यातलं काही कळत नाही.

ठसा घ्यायची पद्धत अशी. क्राऊनच्या चार-पाच दात्यांना दोन्ही बाजूंनी पिवळा किंवा पांढरा मार्किंगचा लेप ब्रशने पातळ लावायचा. क्राऊनवर लाकडाने थोडा दाब ठेवून पिनियन दोन्ही दिशांनी काही वेळा फिरवायचा. लेप जिथून पुसला जातो तिथे दाते टेकतात. तो ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर, लांबट आणि कडांना विरत गेलेला हवा. खाली मुळाशी खोल गेला असेल तर पिनियन फार आत आहे, शिम पातळ करा. वर टोकाशी असेल तर पिनियन क्राऊनपासून दूर आहे, शिम जाड करा. क्राऊनच्या बाहेरच्या, जाड टोकाकडे सरकला असेल तर क्राऊन पिनियनच्या जवळ घ्या, आतल्या अरुंद टोकाकडे असेल तर दूर न्या, आणि प्रत्येक वेळी प्ले पुन्हा मोजा. एक बदललं की दुसरं हलतं, म्हणून हे काम दुपारभर चालतं. माझ्याकडे हे काम करणारा माणूस पिथमपुरातल्या कारखान्यात असेंब्लीवर होता. तो ठसा जमेपर्यंत कोणाशी बोलत नाही आणि त्याची मजुरी मी कधी कमी करायला सांगितली नाही.

पिनियनच्या नटाखाली बऱ्याच गाड्यांत दबणारी नळी असते. नट कसत गेलं की ती चुरगळते आणि बेअरिंगवर ठरावीक ताण येतो. ती प्रत्येक वेळी नवीनच घालायची. कसताना जास्त झालं तर नट उलटा सैल करून भागवणं ही इथली सर्रास पद्धत आहे, आणि ती चूक आहे. एकदा दबलेली नळी परत फुगत नाही, नवी नळी घालून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. क्राऊनचे बोल्टही नवे, आट्यांना लॉकिंगचं औषध लावून, समोरासमोर असे कसायचे. बेअरिंग पिनियनवर चढवायला ते तेलात गरम करावं. गॅसची ज्योत लावणाऱ्याच्या हातून ते तिथेच काढून घ्या.

हौसिंग खरंच वाकलंय का? हे विचारायचं कारण म्हणजे मंडीचा माल. आरसीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरणं रोजचं झालं की दोन पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मधली नळी खाली बाक घेते. शाफ्ट मग दर फेऱ्याला थोडा वाकून सरळ होतो आणि एक दिवस थकून तुटतो. मागच्या टायरांची एकच कड झिजतेय, शाफ्टचं सील बदलूनही गळतंय, पाट्याच्या बैठकीजवळ वेल्डिंगला केसासारखी चीर आहे, यातलं काहीही दिसलं तर हौसिंग उतरवून सरळ पट्टीवर किंवा लेथवर तपासून घ्या. ते वाकलेलं निघालं तर पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं बरोबर ठरेल, फक्त कारण वेगळं असेल. वेल्डिंग मारून सरळ केलेल्या हौसिंगवर नवा क्राऊन-पिनियन बसवायला मी तयार होत नाही. मागच्या दोन टायरांत एक नवं आणि एक गुळगुळीत असं करत असाल तर तेही थांबवा. दोघांच्या घेरात फरक असला की स्पायडर सरळ रस्त्यावरही दिवसभर फिरत राहतात.

तेलाबद्दल दुकानदार "90 नंबर दे दूं?" विचारतो. 90 हा आकडा फक्त जाडी सांगतो. तुम्हाला डब्यावर जीएल-5 (गिअर तेलाचा दर्जा) लिहिलेलं हवं, कारण हा हायपॉइड क्राऊन-पिनियन आहे. यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. 1926 च्या सुमारास पॅकार्डने मोटारीत ही रचना आणली, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट आणि गाडीची जमीन खाली घेता आली. पण अशा रचनेत दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीने घासतातही, आणि त्या घासणीत साधं तेल पिळून बाहेर जातं. जीएल-5 मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं दात्यावर थर धरून ठेवतात. उरलेलं तेल मात्र गिअरबॉक्समध्ये ओतू नका. मॅन्युअलने जीएल-4 सांगितलं असेल तर तिथल्या पितळी सिंक्रो रिंगना ही रसायनं बाधू शकतात. डिफरन्शियलमध्ये तेल सपाट जमिनीवर, भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. त्याहून जास्त नको.

काम झाल्यावर पहिल्याच दिवशी मंडीचा माल भरू नका. रिकामी गाडी पंधरा-वीस किलोमीटर मध्यम वेगाने चालवा आणि थांबून पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. थांबल्यावर हौसिंगला लांबूनच हात दाखवा. सगळीकडे गरम असणं ठीक आहे. पण पिनियनकडचं नाक बाकीच्या भागापेक्षा खूपच जास्त भाजत असेल तर बेअरिंग जास्त कसलंय, गाडी परत न्या. पहिले चार-पाचशे किलोमीटर निम्मा माल, घाट टाळून. मग तेल बदला आणि चुंबक पुन्हा बघा. आता फक्त राखाडी लेप असायला हवा. पुढच्या पावसात चाक रुतलं तर दोन-तीन प्रयत्नांवर रेस थांबवा आणि ट्रॅक्टर बोलवा. सांवेरकडे तो मिळायला वेळ लागत नाही.

विकण्याबद्दल. हलत नसलेली गाडी विकायला गेलात की घेणारा डिफरन्शियलबरोबर इंजिन, गिअरबॉक्स सगळंच बिघडलेलं धरून भाव करतो, आणि तुम्हाला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त सोडावं लागतं. हौसिंग सरळ असेल आणि इंजिन तेल पीत नसेल तर दुरुस्त करा. हौसिंग वाकलंय, चॅसीला पाट्यांजवळ चीर आहे आणि इंजिनचंही काम जवळ आलंय, असं तिन्ही एकदम निघालं तरच आहे तशी द्या. दुरुस्त केलीत तर निदान कांद्याचा हा हंगाम चालवून घ्या, मग विकायची तर विका. पार्टांची बिलं आणि तुटलेली पिन जपून ठेवा. पुढचं गिऱ्हाईक मागे काय काम झालंय हे विचारतंच.